परमिट दाखवलं म्हणून बेड्या घालायच्या का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत कुठे मोठा गोळीबार झाला की आपल्या पेपरात बातमी येते, मग दोन-चार दिवस इथल्या गन कल्चरवर लेख येतात आणि पुढचा गोळीबार होईपर्यंत विषय बंद. मी पेनसिल्वेनियात राहतो, मूळचा सांगलीचा, आपला पेपर रोज ऑनलाइन वाचतो. बंदुका फार आहेत, शाळांमधे मुलं मरतात, हे सगळं खरं आहे आणि ते छापलंच पाहिजे. पण रीतसर परमिट काढून बंदूक जवळ ठेवणारे लाखो लोक इथे आहेत, ते रोज गाड्या चालवतात, त्यांना रस्त्यात पोलीस थांबवतात, आणि त्या पाच-दहा मिनिटांत पोलिसाला काय करायचा अधिकार आहे आणि काय नाही यावर इथल्या कोर्टांत पन्नास वर्षं वाद चाललाय, त्याबद्दल मात्र मराठीत काही वाचायला मिळत नाही. मिळायला पाहिजे, कारण दर ऑगस्टला पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूरहून पोरं एमएसला इकडे येतात, महिनाभरात कुणाच्या ना कुणाच्या गाडीत बसून फिरायला लागतात, आणि त्यांच्या घरच्यांना या गोष्टीची काहीच कल्पना नसते.

आधीच सांगतो, मी स्वतः बंदूक ठेवत नाही आणि ठेवायची इच्छाही नाही. माझ्या ऑफिसात आणि शेजारी परमिटवाले बरेच आहेत, साधी माणसं आहेत, कुणी नर्स, कुणी ट्रक चालवतो. बंदुका असाव्यात की नसाव्यात हा वाद मला इथे घालायचाच नाहीये. माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारनेच एखाद्याची पार्श्वभूमी तपासून त्याला परमिट दिलं असेल तर ते परमिट, किंवा त्या परमिटवरची बंदूक, हेच त्याच्यावर संशय घ्यायचं कारण होऊ शकत नाही. पोलिसाला थांबवायचं असेल तर वेगळं, खरं, सांगता येईल असं कारण पाहिजे, आणि थांबवल्यावर त्या कारणापुरतंच काम करून त्याला सोडलं पाहिजे.

हे मला इतकं का लागतं ते सांगतो. ६ जुलै २०१६, मिनेसोटा राज्य, सेंट पॉल शहराला लागून असलेलं फॅल्कन हाइट्स. फिलँडो कॅस्टील नावाचा ३२ वर्षांचा काळा तरुण, सेंट पॉलमधल्या एका मॉन्टेसरी शाळेच्या कॅन्टीनमधे सुपरवायझर होता, कुठल्या मुलाला कशाची ॲलर्जी आहे हे त्याला पाठ होतं असं त्या शाळेतले लोक सांगतात. रात्री नऊच्या सुमाराला पोलिसाने त्याची गाडी थांबवली. त्याला सांगितलं की ब्रेकलाइट चालत नाहीये, पण त्याच्या आधी वायरलेसवर तो पोलीस म्हणाला होता की हे लोक एका दरोड्यातल्या संशयितांसारखे दिसतायत, का तर ड्रायव्हरचं नाक रुंद आहे म्हणून. कॅस्टीलने इन्शुरन्सचा कागद दिला आणि मग आपण होऊन, अदबीने सर म्हणून सांगितलं की माझ्याकडे बंदूक आहे. त्याच्याकडे परमिट होतं. मिनेसोटाच्या कायद्याप्रमाणे पोलिसाने विचारल्याशिवाय सांगायची सक्तीसुद्धा नव्हती, तरी त्याने सांगितलं, कारण प्रामाणिक माणूस असंच करतो. पोलीस म्हणाला हात लावू नकोस, कॅस्टील म्हणाला मी ती काढत नाहीये, आणि सात गोळ्या सुटल्या. बोलणं सुरू झाल्यापासून गोळ्या सुटेपर्यंत पुरतं मिनिटसुद्धा गेलं नव्हतं. शेजारी मैत्रीण, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. मैत्रिणीने लगेच फेसबुकवर लाइव्ह सुरू केलं म्हणून जगाला कळलं, पोलिसाच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण तर खटला संपल्यावर लोकांसमोर आलं. जून २०१७ मधे ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. नंतर आईला जवळपास ३० लाख डॉलर भरपाई मिळाली, पण पोरगा गेला तो गेलाच.

त्या माणसाला आयुष्यात चाळीसहून जास्त वेळा किरकोळ कारणांसाठी पोलिसांनी थांबवलं होतं. म्हणजे पोलिसाशी कसं वागायचं याचा अनुभव त्याला नव्हता असं कुणी म्हणू शकत नाही. म्हणून परमिट आणि पोलीस हा विषय निघाला की मला आधी कॅस्टील आठवतो.

आता कायदा बघू, कारण लोकांचा दोन्ही बाजूंनी गैरसमज असतो. काही म्हणतात अमेरिकेत पोलीस काहीही करू शकतो, काही म्हणतात अमेरिकेत हक्कांचं राज्य आहे, पोलीस काही करूच शकत नाही. दोन्ही चूक. १७९१ मधे घटनेत चौथी दुरुस्ती आली, तिच्यात बेकायदा झडती आणि अटकेपासून संरक्षण आहे. १९६८ मधे क्लीव्हलंड शहरातल्या एका केसमधे, टेरी म्हणून प्रसिद्ध आहे ती, सुप्रीम कोर्ट म्हणालं की गुन्हा घडतोय असा वाजवी संशय असेल, नुसता अंदाज नाही तर बोट दाखवून सांगता येतील अशा गोष्टींवर आधारलेला संशय असेल, तर पोलीस माणसाला थोडा वेळ थांबवू शकतो, आणि तो सशस्त्र आणि धोकादायक वाटला तर त्याचे कपडे वरून चाचपू शकतो. त्यानंतरचे सगळे निकाल याच पायावर उभे आहेत.

त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १९७९ चा डेलावेअरचा निकाल, प्राउझ केस. तिथे एका पोलिसाने काहीही चूक दिसलेली नसताना एक गाडी थांबवली, का तर लायसन्स आणि रजिस्ट्रेशन बघायचं होतं. सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं की हे चालणार नाही, गाडी चालवायला लायसन्स लागतं म्हणून प्रत्येक ड्रायव्हरवर लायसन्स नसल्याचा संशय घेता येत नाही, एकेक गाडी मनाला येईल तशी थांबवता येत नाही. हे वाचल्यावर आपल्याकडच्या माणसाला धक्काच बसतो, कारण आपल्या चौकात हवालदाराने हात केला की गाडी बाजूला घ्यायची, कारण विचारायचं नाही, ही आपली सवय. पण इथे तसं नाही, आणि हाच न्याय बंदुकीला लावा ना. जिथे परमिट काढून बंदूक बाळगणं कायदेशीर आहे तिथे कमरेला बंदूक दिसली, चल परमिट दाखव, असं म्हणून माणसाला अडवणं आणि गाडी दिसली म्हणून लायसन्स बघायला थांबवणं यात फरक काय राहिला?

भारतात हा प्रश्नच येत नाही. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १९ प्रमाणे शस्त्र बाळगणाऱ्या कुणाकडेही पोलीस अधिकारी लायसन्स मागू शकतो, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की लायसन्सवाल्यांना बंदुका पोलीस स्टेशनला जमा करायला लावतात हे आपल्या गावागावात माहिती आहे. आपल्याकडे शस्त्र ही सरकारची मेहेरबानी, इथे तो घटनेतला हक्क, २००८ मधे घरापुरता आणि २०२२ मधे न्यूयॉर्कच्या केसमधे घराबाहेर बाळगण्याचासुद्धा, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. तुम्हाला आवडो न आवडो, तो हक्क म्हटल्यावर तो वापरणाऱ्याला गुन्हेगारासारखं वागवता येणार नाही. त्यातून निम्म्याहून जास्त राज्यांनी तर आता परमिटची अटच काढून टाकलीय.

बंदूक आहे एवढंच कळलं तर थांबवता येतं का, यावर २००० सालचा मायामीचा एक निकाल आहे. कुणीतरी निनावी फोन केला की बसस्टॉपवर चौकड्याचा शर्ट घातलेल्या पोराकडे बंदूक आहे, पोलिसांनी जाऊन झडती घेतली, बंदूक खरंच सापडली, पोरगा सोळाचासुद्धा नव्हता. तरी सुप्रीम कोर्टाचे सगळे न्यायाधीश एकमताने म्हणाले झडती बेकायदा, बंदुकीचा विषय आहे म्हणून नियमाला वेगळी सूट देणार नाही. विचार करा, मुलाजवळ बेकायदा बंदूक सापडूनसुद्धा कोर्टाने असं म्हटलं, कारण फोन कुणीही कुणाच्याही विरुद्ध करू शकतो.

आमच्या पेनसिल्वेनियात मात्र कितीतरी वर्षं उलटं चालू होतं. खालच्या कोर्टाच्या १९९१ च्या निकालामुळे कुणाकडे लपवलेली बंदूक आहे असं पोलिसाला कळलं की तेवढ्यावर तो थांबवून परमिट तपासू शकत होता. मग २०१४ मधे ॲलनटाउन शहरात एका पेट्रोल पंपावर, इथे गॅस स्टेशन म्हणतात, रात्री कॅमेऱ्यावर बसलेल्या माणसाला दिसलं की एकाने बंदूक दुसऱ्याला दाखवली आणि कमरेला खोचली. पोलिसांनी गाड्या आणून त्याला घेरलं. त्याच्याकडे वैध परमिट होतं. केस राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेली, हिक्स केस, आणि ३१ मे २०१९ ला निकाल लागला की नुसती बंदूक बाळगणं हे गुन्ह्याचं लक्षण नाही, परमिट नसेलच असं गृहीत धरून थांबवता येणार नाही, जुना नियम रद्द. मी तो निकाल वाचून काढला, मी वकील नाही, पण मला त्यातला मुद्दा साधा आणि पक्का वाटला. ज्या गोष्टी असंख्य लोक रोज कायद्याने करतात त्यावरून वाजवी संशय निर्माण होत नाही.

पण लगेच शेजारच्या राज्यात जा. वेस्ट व्हर्जिनियात रॅन्सन नावाच्या गावात पोलिसांना निनावी फोन आला की दुकानाच्या पार्किंगमधे एक माणूस बंदुकीत गोळ्या भरून गाडीत बसलाय. त्या राज्यात तेव्हा परमिट असेल तर हे कायदेशीरच होतं. पोलिसांना ती गाडी दिसली, आतल्यांनी सीटबेल्ट लावला नव्हता म्हणून थांबवली, आणि फोनमधे सांगितल्यासारख्या दिसणाऱ्या प्रवाशाला उतरवून चाचपलं. जानेवारी २०१७ मधे तिथल्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, अपील कोर्टाच्या पूर्ण पीठाने सांगितलं की कायदेशीर कारणाने एकदा थांबवलं की जो सशस्त्र आहे तो धोकादायकच धरायचा, त्याच्याकडे परमिट असो वा नसो. सुप्रीम कोर्टाने त्यावरचं अपील ऐकायला घेतलं नाही. त्या कोर्टाच्या हद्दीत व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, मेरीलँड आणि दोन्ही कॅरोलायना येतात, म्हणजे वॉशिंग्टनजवळचे आपले सगळे आयटीवाले, रॅले आणि शार्लटचे लोक, सगळे त्यात आले.

मला हा निकाल पटत नाही. टेरीमधे दोन अटी होत्या, सशस्त्र आणि धोकादायक, या निकालाने दुसरी अट पुसूनच टाकली. त्यातले विरोधी मत देणारे न्यायाधीशसुद्धा हेच म्हणाले होते की यातून पोलिसाच्या हातात फार मोठी मोकळीक जाते. आणि ही मोकळीक कुणावर वापरली जाईल हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहिती आहे. पिकअप ट्रकवाला गोरा शेतकरी आणि गरीब वस्तीतला काळा मुलगा, परमिट दोघांचं एकच, पण बाहेर काढून चाचपलं जाणार कोण?

त्यातून १९९६ मधे सुप्रीम कोर्टाने असंही सांगून ठेवलंय की पोलिसाच्या मनात काय होतं ते बघायचं नाही, बारीकसा का होईना ट्रॅफिकचा नियम मोडलेला दिसला असेल तर थांबवणं कायदेशीर. आता मला सांगा, अर्धा तास गाडी चालवली आणि एकही बारीक नियम मोडला नाही असा ड्रायव्हर कुठे आहे, लेन बदलताना इंडिकेटर उशिरा दिला, नंबरप्लेटवरचा बल्ब गेला, झालं. म्हणजे परमिटवाल्याला परमिटवरून थांबवायला बंदी, पण बल्बवरून थांबवा आणि मग सशस्त्र आहे म्हणून झडती घ्या. पुढचं दार बंद करून मागचं उघडं ठेवल्यासारखं आहे हे.

पोलिसांची बाजूही आहे, ती मी नाकारत नाही. रात्री हायवेच्या कडेला एकट्याने अनोळखी गाडीकडे चालत जायचं, काच काळी, आत कोण आहे माहीत नाही, या कामात खरंच पोलीस मारले गेलेत. म्हणूनच १९७७ मधे फिलाडेल्फियाच्या मिम्स केसमधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायदेशीर थांबवलेल्या ड्रायव्हरला पोलीस गाडीबाहेर उतरायला सांगू शकतो, त्या माणसाच्या कोटाखाली फुगवटा दिसला होता आणि भरलेलं रिव्हॉल्व्हर निघालं होतं. १९९७ मधे हेच प्रवाशांना लागू केलं. १९८३ च्या मिशिगनच्या निकालाप्रमाणे धोका वाटण्यासारखं काही असेल तर हाताच्या अंतरातली गाडीतली जागा शस्त्रासाठी बघता येते. एवढं मला मान्य आहे. बोलणं होईपर्यंत बंदूक पोलिसाने बाजूला ठेवली, परमिटचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला, खरं आहे बघितलं आणि जाताना परत दिली, तर कुठलाही परमिटवाला तक्रार करणार नाही, माझे शेजारी तर हेच म्हणतात. २०१५ मधे सुप्रीम कोर्टाने हेही ठरवलंय की ज्या कामासाठी थांबवलं ते संपल्यावर जास्त वेळ अडकवून ठेवता येत नाही, त्या केसमधे कुत्र्याकडून वास घ्यायला सात-आठ मिनिटं जास्त थांबवलं होतं आणि तेवढ्यावरूनसुद्धा कोर्टाने पोलिसांच्या विरुद्ध निकाल दिला.

खरं दुखणं पुढे आहे. नोव्हेंबर २०१८, कनेक्टिकटमधलं वॉटरबरी शहर. एक माणूस रात्री रस्ता शोधत होता, फोनचं जीपीएस अडकलं म्हणून गाडी रस्त्यातच थांबवून फोन नीट करत होता, इंजिन चालू. पोलीस आला, लायसन्स मागितलं. त्याने लायसन्सबरोबर बंदुकीचं परमिटही दिलं आणि सांगितलं की पिस्तूल दाराच्या कप्प्यात आहे. म्हणजे आपण पोरांना जे शिकवतो, खरं सांगा, लपवू नका, अगदी तेच. त्यावर पोलिसाने त्याला ओढून बाहेर काढलं, बेड्या घातल्या, पोलिसांच्या गाडीत मागे कोंबलं, त्याची गाडी आतून आणि डिकीसकट तपासली, आणि अर्ध्या तासाहून जास्त वेळ बसवून ठेवलं. शेवटी ट्रॅफिकची एक पावती. तो माणूस कोर्टात गेला. पोलिसाचं म्हणणं काय, तर परमिट खरं आहे की नाही हे मला अजून तपासायचं होतं, तोपर्यंत विनापरमिट बंदूक आहे असं समजायला मी मोकळा. ऑगस्ट २०२४ मधे तिकडच्या फेडरल अपील कोर्टाने हे साफ फेटाळलं. रस्त्यात गाडी उभी होती म्हणून थोडं थांबवणं ठीक, कोर्ट म्हणालं, पण दिसायला व्यवस्थित परमिट हातात दिलेलं असताना त्याला अटकेसारखं डांबणं आणि गाडीची झडती घेणं याला काही आधार नव्हता, आणि पोलिसाला खटल्यापासून वाचवणारं जे कायदेशीर संरक्षण असतं तेही मिळणार नाही.

सहा वर्षं लागली एवढं म्हणायला! जो माणूस नोकरी सांभाळून, वकील लावून सहा वर्षं लढू शकत नाही त्याचं काय? तो अर्धा तास गिळून घरी जातो आणि पुढच्या वेळी पोलिसाने विचारलं तर सांगू की नको असा विचार करतो. मला भीती हीच वाटते. प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला बेड्या पडत असतील तर लोक सांगायचं बंद करतील, आणि मग पोलिसाचाच धोका वाढेल.

त्यात प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. मिशिगनमधे पोलिसाने थांबवलं की लगेच, न विचारता, बंदूक आहे हे सांगावंच लागतं, नाही सांगितलं तर पहिल्यांदा ५०० डॉलर दंड आणि परमिट सहा महिने बंद. नॉर्थ कॅरोलायनातही आपण होऊन सांगायचं. ओहायोत जून २०२२ पर्यंत तसंच होतं, आता विचारलं तरच सांगायचं. टेक्ससमधे पोलिसाने ओळखपत्र मागितलं तर ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर बंदुकीचं लायसन्सही दाखवायचं. पेनसिल्वेनियात कायदेशीर मागणी केली तर दाखवायचं. माणूस एका दिवसात तीन राज्यं ओलांडतो इथे.

आणि न्यूजर्सीचं तर विचारूच नका. एडिसनला, जर्सी सिटीला आपले किती लोक आहेत हे सांगायला नको. न्यूजर्सी दुसऱ्या कुठल्याच राज्याचं परमिट मानत नाही. फिलाडेल्फियाहून डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की इकडचा कायदेशीर माणूस तिकडे गुन्हेगार. २०१३ मधे फिलाडेल्फियाची एक बाई, दोन मुलांची आई, पेनसिल्वेनियाचं परमिट होतं, न्यूजर्सीत लेन बदलण्यावरून थांबवली, तिने स्वतःहून पोलिसाला बंदूक असल्याचं सांगितलं आणि तिला अटक झाली. किमान साडेतीन वर्षांची शिक्षा समोर उभी राहिली. शेवटी २०१५ मधे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी माफी दिली म्हणून सुटली. बघा, इथेही सांगणारीच अडकली. तिची चूक होती, राज्याचा कायदा बघायला हवा होता हे कबूल, पण चुकीला अशी शिक्षा असावी का?

आता आपल्या मुलांसाठी थोडं, कारण मी मुख्यतः त्यांच्यासाठी हे लिहायला बसलो. एफ-वन म्हणजे विद्यार्थी, एच-वन-बी म्हणजे नोकरीवाले, आणि मुलांकडे येणारे आईवडील, या सगळ्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांना फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला बंदी आहे, हंटिंग लायसन्ससारखे थोडेच अपवाद आहेत. ग्रीनकार्ड असेल तर बाळगता येते, पण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरला तर ग्रीनकार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं. म्हणजे रूममेटने गंमत म्हणून बंदूक हातात दिली, ग्लोव्ह बॉक्समधे ठेव म्हणाला आणि आपण ठेवली, मित्राची गाडी घेऊन किराणा आणायला गेलो आणि सीटखाली त्याची बंदूक आहे हे माहीत होतं, यातली कुठलीही गोष्ट पोलिसाने थांबवल्यावर आयुष्याची दिशा बदलू शकते. मित्राकडे परमिट आहे हे तुमच्या कामाचं नाही, परमिट त्याचं आहे. म्हणून कुणाच्या गाडीत बसताना विचारायला लाजू नका, गाडीत काही आहे का. इथले लोक या प्रश्नाचा राग मानत नाहीत.

दुसरं म्हणजे आपली सवय. आपल्याकडे पोलिसाने थांबवलं की आपण लगेच गाडीतून उतरतो, कागदपत्रं हातात घेऊन साहेब साहेब करत त्याच्याकडे चालत जातो, तो आदर समजला जातो. इथे ते अजिबात करू नका, उतरून चालत येणारा माणूस म्हणजे हल्ला करायला आला असंच पोलिसाला वाटतं. गाडी बाजूला घ्या, रात्र असेल तर आतला दिवा लावा, काच खाली करा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा, आणि लायसन्स काढायचं असेल तर आधी सांगा कुठे आहे आणि मग हळू हात न्या. ग्लोव्ह बॉक्स आधीच उघडून शोधत बसू नका. तिसरं, पोलीस म्हणाला गाडी बघू का, तर हो म्हणायची सक्ती नाही, शांतपणे नाही म्हणता येतं, आणि तुम्हाला नाही म्हणायचा हक्क आहे हे त्याने तुम्हाला सांगायलाच पाहिजे असं बंधन त्याच्यावर नाही, सुप्रीम कोर्टाने १९७३ मधेच तसं ठरवलंय. तरी त्याने झडती घेतलीच तर अंगाने अडवू नका, वाद कोर्टात घालायचा, रस्त्यावर नाही.

स्टॅनफर्डच्या संशोधकांच्या हिशेबाने इथे रोज पन्नास हजारांहून जास्त गाड्या पोलीस थांबवतात, वर्षाला दोन कोटींच्या वर. बहुतेक वेळा पावती देऊन किंवा समज देऊन विषय संपतो. पण कायदा संदिग्ध ठेवला, पोलिसाला बंदूक म्हणजे धोका एवढंच शिकवलं, आणि परमिटवाल्याला सांग म्हटलं आणि सांगितल्यावर शिक्षा केली, तर त्या दोन कोटींतून कॅस्टील पुन्हा पुन्हा होणार. मला वाटतं सुप्रीम कोर्टाने वेस्ट व्हर्जिनियाचा आणि पेनसिल्वेनियाचा असे दोन उलटसुलट नियम शेजारी शेजारी नांदू देऊ नयेत, एकदा केस हातात घेऊन सांगून टाकावं की परमिटची बंदूक एवढ्यावरून थांबवणंही नाही आणि चाचपणंही नाही, वागण्यात धोक्याचं काहीतरी दिसलं पाहिजे. आणि सगळ्या राज्यांनी मिळून, विचारलं तर सांगायचं की आपण होऊन, यातलं एकच काहीतरी ठरवावं.

संपादक महोदय, एक विनंती आहे. पुढच्या वेळी अमेरिकेत पोलिसाने गाडी थांबवल्यावर गोळी चालल्याची बातमी छापाल तेव्हा ड्रायव्हरकडे बंदूक होती एवढ्यावर थांबू नका. गाडी थांबवायचं कारण काय होतं, बंदूक आहे हे पोलिसाला कुणी आणि कधी सांगितलं, परमिट होतं का, आणि त्या राज्यात सांगायची सक्ती होती का, हे चार प्रश्न तुमच्या वार्ताहराने विचारावेत. उत्तरं बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांतच इथल्या स्थानिक पेपरांत आलेली असतात. आणि जुलै-ऑगस्टमधे परदेशी शिक्षणावर जी पुरवणी तुम्ही काढता, त्यात युनिव्हर्सिटी, फी आणि राहण्याची सोय यांच्या जोडीला पोलिसाने गाडी थांबवल्यावर काय करायचं यालाही अर्धं पान द्या. मजकूर लागला तर मी लिहून पाठवतो.

आपला,
एक नियमित वाचक
पेनसिल्वेनिया, अमेरिका (मूळ गाव सांगली)